आबांची मेल गेली

आबांना ऐकू येत नव्हतं आणि भामाबाईंना वाचता येत नव्हतं. या दोन उणिवांवर दोघांचा संसार बरीच वर्षं बिनबोभाट चालला होता, कारण एकाचं उणं दुसरं भरून काढायचं. वीजबिल आलं, पेन्शनीचा कागद आला, की आबा वाचायचे. दारात कोणी आलं, कुकरची शिट्टी झाली, गल्लीत भांडण लागलं, की भामाबाई सांगायच्या.

आबा पलटणीत मशीनगनवर होते. नायब सुभेदार होऊन ते घरी आले तेव्हा उजवा कान पार गेलेला आणि डावा जाण्याच्या वाटेवर. साताऱ्यात सदर बझारला त्यांनी तीन खोल्यांचं घर बांधलं, आणि घराला रंग लागेपर्यंत डावाही गेला. कानाचं मशीन आणलं होतं, पण ते नुसत्या शिट्ट्या मारायचं. ते त्यांनी डबीत घालून फळीवर ठेवलं आणि बायकोचे ओठ वाचायला शिकले. भामाबाई म्हसवडकडच्या. शब्द चघळत बसायचं त्यांना माहीत नव्हतं, एकेक शब्द फोडून समोर ठेवायच्या. आबांना त्यांचं सगळं कळायचं. पोरीचंही कळायचं. बाकीच्या जगाचं निम्मंशिम्मं.

पोरगी म्हणजे दीक्षा. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेली, एकुलती एक. सांगलीला इंजिनिअर झाली आणि तिथंच बरोबर शिकणाऱ्या बुद्धभूषणशी तिनं लग्न ठरवलं. मुलगा निर्व्यसनी, आईवडील लहानपणीच गेलेले, वसतिगृहात राहून शिकलेला. आबांनी विहारात लग्न लावून दिलं. सन दोन हजार उजाडलं की कॉम्प्युटर बंद पडतील म्हणून तेव्हा जगभर धावपळ चालली होती. त्या कामावर बुद्धभूषणला कॅनडात नेलं आणि त्याच्या मागोमाग दीक्षाही गेली.

सुरुवातीला दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. भामाबाई रिसीव्हर कानाला लावून बसायच्या आणि आबा समोर वेताच्या मोड्यावर बसून त्यांच्या ओठांकडं बघत राहायचे. म्हणजे त्यांना निम्मं बोलणं कळायचं, आईचं. लेकीचं निम्मं तारेतच राहायचं. फोन ठेवल्यावर ते विचारायचे, काय म्हणाली? भामाबाईंचा जीव बोलून बोलून तृप्त झालेला असायचा. त्या म्हणायच्या, "बरी हाय. थंडी लय हाय म्हणं तिकडं." अर्ध्या तासाच्या बोलण्याचं एवढंच सार. आबांना ते लागायचं.

मग दिवाळीच्या आधी बुद्धभूषणनं सांगलीच्या एका मित्राकडून कॉम्प्युटरची सोय केली. आबा स्वतः सांगलीला गेले, पेटी एसटीच्या सीटवर शेजारी बसवून साताऱ्याला घेऊन आले. मागच्या गल्लीत क्रांती नावाची बाई कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. तिनं येऊन सगळं जोडून दिलं, मोडेमची तार फोनच्या डबीत खोचली, मेल कशी लिहायची, कशी धाडायची ते दाखवलं. तिला वाटलं होतं म्हाताऱ्याला जमायला वेळ लागेल. पण पलटणीत जुन्या काळी हिंदी इंग्रजी अक्षरांत लिहायला शिकवायचे, तेव्हा आबांचा हात तयार होता. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, एवढाच फरक. एका बोटानं त्यांनी पहिली मेल लिहिली आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पडदाभर. त्यात आईचा मध्यस्थ नव्हता, कुणाचाच नव्हता. 'आबा, तुम्हाला माझ्या खिडकीतून काय दिसतं ते सांगते' अशी तिनं सुरुवात केली होती. आबांनी ती मेल इतक्यांदा वाचली की शेवटी भामाबाईंनी येऊन पडद्यावर टॉवेल टाकला.

त्या दिवसापासून ते दोघं बापलेक बोलू लागले. ज्या पोरीचा आवाज आबा विसरत चालले होते, तीच पोरगी आता त्यांना बर्फाचं सांगायची, हपिसातल्या माणसांच्या नकला लिहून धाडायची, पलटणीतल्या जुन्या गोष्टी विचारायची. आबाही लिहायचे. जे कधी बायकोलाही सांगितलं नव्हतं असं सीमेवरचं पुष्कळ काही त्यांनी त्या महिन्यांत पोरीला लिहिलं.

आणि फोन कमी झाले. मेल आहे तर फोन कशाला, असं होत होत रविवारचा फोन पंधरवड्यावर गेला, पुढं महिन्यावर. भामाबाई विचारायच्या, आज काय लिवलंय? आबा सांगायचे, "बरी हाय म्हणते."

"एवढा पडदा भरलाय, आन त्यात एवढंच?"

"तेच ते असतंय गं."

त्यांच्या मनात कपट नव्हतं. मुठीतला खाऊ पोरगं जसं सहजी सोडत नाही तसं काहीतरी होतं ते. आणि खोल कुठंतरी जुना हिशेबही असावा, त्यांचा त्यांनाच न कळलेला.

दीक्षाला दिवस गेल्याची बातमीही मेलवरच आली. ती मात्र आबांनी ओरडूनच सांगितली. भामाबाईंना शंभर गोष्टी विचारायच्या होत्या. उलट्या होतात का, पाय सुजतात का, कुशीवर झोपती का, आंबट खावंसं वाटतं का. आबांनी लिहिलं, 'आई विचारते तब्येत कशी आहे.' उत्तर आलं, तब्येत छान आहे. भामाबाईंनी ते ऐकलं आणि पुन्हा भाकरी थापायला लागल्या.

त्याच सुमारास आबांनी एक चांगलं काम केलं. फोन बाहेरच्या खोलीत होता आणि भामाबाईंचा दिवस सैपाकघरात जायचा. पोरीचा फोन आला आणि हिला वाजलेलं कळलं नाही तर काय, म्हणून त्यांनी आकाराम लाइनमनला बोलावून सैपाकघरात त्याच तारेवर दुसरा फोन बसवून घेतला. काळा, जुन्या घाटाचा. भामाबाईंना फार बरं वाटलं. त्याच्यावर त्यांनी विणलेला रुमाल घातला.

फेब्रुवारीत एका शनिवारी मेल लागेनाशी झाली.

मोडेमचा किरकिराट आबांना ऐकू येत नसे, ते त्याच्या लाल दिव्यांवरनं ओळखायचे. पहिला दिवा लागला म्हणजे नंबर फिरतोय. मधले दोन लुकलुकले म्हणजे पुण्याच्या मशीनशी रामराम चाललाय. शेवटचा दिवा स्थिर झाला की कॅनडा आलं. त्या शनिवारी मधले दिवे लुकलुकायचे, आबा खुर्चीत पुढं सरकायचे, आणि सगळे दिवे एकदम विझायचे. पडद्यावर पाटी यायची, जोडणी तुटली. पुन्हा लावलं, पुन्हा तुटली.

हार मानणं आबांच्या स्वभावात नव्हतं. बंदूक अडली तर खोलायची, पुसायची, जोडायची, ही त्यांची रीत. त्यांनी मोडेमची तार काढून फुंकर मारली. डबीतल्या तांब्याच्या तारा खरवडून चकचकीत केल्या. नवी तार आणली. कॉम्प्युटर बंद करून थंड होऊ दिला. पासवर्ड चुकला असेल म्हणून एकेक अक्षर दाबून पुन्हा घातला. रविवारी आकारामला पकडून आणलं. तो खांबावर चढला, लाइन तपासली, खाली उतरून हातवारे करून म्हणाला, लाइन एकदम ओके. मग आबांनीच कुठंतरी एक चौकोन शोधून काढला, त्यात खूण केली की लागेपर्यंत मशीन स्वतःहूनच पुन्हा पुन्हा नंबर फिरवत राहतं. ती खूण करून त्यांनी कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवला. कधीतरी लागेलच.

मधल्या वेळात ते मेल लिहून ठेवायचे. क्रांतीनं त्यांना समजावलं होतं की लिहिलेली मेल आउटबॉक्समध्ये थांबते आणि लाइन लागली की आपोआप जाते. विहारातून त्यांनी थेरींच्या, म्हणजे बुद्धाच्या काळातल्या भिक्षुणींच्या, गोष्टींचं पुस्तक आणलं होतं, त्यातनं नावं काढत होते. पोरीनं कधीची विचारली होती. रविवारी दुपारी त्यांनी लिहिलं: मुलगा झाला तर नागसेन, मुलगी झाली तर उत्पला. उत्पला म्हणजे निळं कमळ. मला विचारशील तर मुलगीच व्हावी. बाळ लाथा मारतंय का? माझ्यावर गेलं असेल तर मारणारच. सोमवारी आणखी एक लिहिली, तीही बाळाचीच. अशा चार मेल साठल्या.

मंगळवारी संध्याकाळी क्लास सुटल्यावर क्रांती आली. तिनं आधी मोडेम काढून पुन्हा बसवला, मग त्याचं सॉफ्टवेअर नव्यानं घातलं. आबा मागं उभे राहून तिच्या हाताकडं बघत होते. तिनं नंबर फिरवला. दिवे लागले, लुकलुकले, विझले. तिनं दुसऱ्यांदा फिरवला आणि या वेळी ती पडद्याकडं बघत नव्हती. मान वाकडी करून ऐकत होती. मग ती उठली आणि सैपाकघराकडं गेली. आबांना काही कळेना. तेही तिच्या मागोमाग दारापर्यंत गेले.

भामाबाई ओट्याशी उभ्या होत्या. काळ्या फोनचा रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरलेला, डोळे मिटलेले.

क्रांतीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तशा त्या दचकल्या. क्रांती काहीतरी बोलली. भामाबाईंनी आबांकडं बघितलं, आणि त्या आबांना कळेल असं, एकेक शब्द फोडून म्हणाल्या, "ह्यो टिंग टिंग वाजतोय. आदी मी ध्यान देत न्हवते, पर तीन दिस झालं, मला वाटतंय दीक्षाचा फोन. उचलला की नुसती किरकिर येती. म्हटलं त्या किरकिरीत पोरगी बोलत असंल, म्हणून कान देऊन ऐकते."

क्रांतीनं आबांना तोंडाकडं बघायला लावून समजावलं. कॉम्प्युटरनं नंबर फिरवला की त्याच तारेवरच्या जुन्या फोनची घंटी बारीक टिणटिणते. काकी उचलतात. रिसीव्हर उचलला की मोडेमची जोडणी तुटते. दुखणं बस एवढंच आहे.

आबांचं डोकं फिरलं. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही.

"तीन दिस मी तिथं डोकं फोडून घेतोय, आन तू हितं उभी राहून लाईन तोडतीयास! रातचं पण उचलत हुतीस?"

"झोप कुठं हाय मला," भामाबाई म्हणाल्या. "आज पंधरा दिस तिचा आवाज न्हाई कानावर."

त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि त्याच्यावरचा रुमाल नीट केला. आबा पाय आपटत बाहेर आले.

क्रांतीनं काळ्या फोनची तार काढून टाकली आणि परत येऊन नंबर फिरवला. दिवे लागले, लुकलुकले, आणि शेवटचा दिवा स्थिर झाला. आबांनी गुडघ्यावर थाप मारली. आधी इकडचं तिकडं जातं, मग तिकडचं इकडं येतं, हा मेलचा क्रम. पडद्यावरची निळी पट्टी भरत गेली. आबांच्या चारही मेल गेल्या. मग पट्टी पुन्हा भरू लागली आणि एकाखाली एक तीन मेल उतरल्या.

पहिली दीक्षाची होती, रविवारची. 'आबा, घरचा फोन लागत नाहीये, सारखा एंगेज. कालपासून माझ्या पोटात दुखतंय. सहाव्या महिन्यात असं होतं का, ते आईला विचारायचंय. तिला मला फोन करायला सांगा ना. मला आईशीच बोलायचंय.'

दुसरी बुद्धभूषणची. 'दीक्षाला रात्री दवाखान्यात आणलं. मुलगी झाली. फार लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. दीक्षा सारखी आई आई करतेय. मी रात्रभर तुमचा फोन लावतोय, एंगेजच आहे. मेल वाचली की लगेच फोन करा.'

तिसरी, सोमवारची, दोनच ओळींची होती. 'आबा, बाळ गेलं. दीक्षाला आज घरी सोडतील. ती कुणाशी बोलत नाही. आईंना जरा हळू सांगा.'

आबांनी तिन्ही मेल वाचल्या, आणि मग त्यांना आपल्या चार मेल आठवल्या.

"माझी मेल गेली का गं?"

क्रांती तारा गुंडाळत होती. तिनं हसून मान डोलवली आणि रिकामं आउटबॉक्स दाखवलं. आबांनी हात घालून मोडेमची तारच भिंतीतून उपटली. दिवे विझले.

"परत आण ती," ते म्हणाले. "नावाची मेल. आण परत."

क्रांतीनं तेव्हा कुठं पडदा वाचला. ती काहीतरी बोलली, पण मान खाली घालून बोलली, त्यामुळं आबांना कळलं नाही. त्यांनी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. तिला ते पुन्हा म्हणावं लागलं.

"आबा, गेलेली मेल परत नाही आणता येत."

भामाबाई सैपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. हातांना पीठ होतं. काय लिवलंय, असं त्यांनी विचारलं नाही. मघाच्या ओरडण्यानंतर त्या कशाला विचारतील? आबांच्या ओठांवर सवयीनं ते दोन शब्द आलेही होते, बरी हाय. ते त्यांनी गिळले. खुर्ची पडद्याकडं वळवली आणि पहिल्या मेलच्या पहिल्या शब्दापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

त्यांना आपला आवाज आवरता येत नव्हता. मधेच तो एवढा चढायचा की गल्लीत जावा, मधेच नुसता श्वास उरायचा. 'मला आईशीच बोलायचंय' इथं ते अडले. एकदा वाचलं, आणि नीट वाचलं गेलं नाही असं वाटून पुन्हा वाचलं. भामाबाई हळूहळू खाली उंबऱ्यावर बसल्या. तिसरी मेल संपली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं,

"पोरगी हुती?"

"व्हय."

पिठाचे हात त्यांनी लुगड्याला पुसले, उठल्या आणि पायात चपला घातल्या. घरच्या फोनवरून परदेशात फोन लागत नव्हता, तो बूथवरून करावा लागायचा हे त्यांना ठाऊक होतं. क्रांतीनं धावत जाऊन रिक्षा आणली. तिघं पोवई नाक्यावर गेले. तिथं एका दुकानात काचेच्या केबिनमध्ये फोन होता. केबिन एका माणसापुरती. क्रांतीनं आत वाकून नंबर लावून दिला, रिसीव्हर भामाबाईंच्या हातात दिला आणि दार ओढून घेतलं.

आबा काचेबाहेर उभे राहिले. दुकानात आणखी चारपाच माणसं नंबर लागायची वाट बघत बसली होती. त्या काचेतून आवाज कुणालाच येत नव्हता. पण आबांना ऐकू येत होतं, तेवढं बायकोच्या ओठांवरनं.

"बुद्धभूषण, फोन तिच्या हातात द्या."

मग त्या थांबल्या.

"दीक्षे. आई हाय गं. बोल."

यानंतर भामाबाईंचे ओठ बराच वेळ हलले नाहीत. त्या नुसत्या मान डोलवत होत्या, जशी काही पोरगी समोर बसलीय. एक हात केबिनच्या लाकडी पट्टीवर पुढंमागं फिरत होता. आबांना वाटलं, रविवारी जे तारेत राहायचं ते आज आपल्याला कुणीतरी द्यावं. पण ते कसं मिळणार?

मग ओठ हलले.

"न्हाई गं. त्यांचा काय दोष न्हाई. ती मेल आदीच लिवून ठेवल्याली. त्यांला काय ठावं?"

म्हणजे तिनं वाचली होती. दवाखान्यातून येऊन ती मशीनपाशी बसली असेल, बापाचं काही आलंय का बघायला. आबांनी काचेला हात टेकला.

"माझ्यामुळं झालं बाई," भामाबाई म्हणत होत्या. "मीच फोन उचलत हुते. मशीन लागंना ते माझ्यामुळं. तू माझ्यावर राग धर. त्यांच्यावर नगं."

आबांना आत जावंसं वाटलं. दार ओढून सांगावंसं वाटलं की हे खरं नाही, रात्रंदिवस नंबर फिरवत राहा अशी खूण मशीनमध्ये मी केली, पोरगी हाका मारत होती तेव्हा लाइन मी अडवून बसलो होतो. पण पोरगी त्यावर काय म्हणाली ते त्यांना कसं कळणार? केबिन एका माणसापुरती होती.

भामाबाई पुन्हा ऐकू लागल्या. या वेळी त्यांचा चेहरा बदलला. पापण्या मिटल्या, ओठ गोल झाले आणि त्यांनी एक शब्द उच्चारला. आबांना तो लांबून, काचेतून, दिव्याच्या पिवळ्या उजेडातही वाचता आला. उत्पला. भामाबाई पुन्हा तोच शब्द म्हणाल्या आणि पुढं म्हणाल्या, "चांगलं हाय. लय चांगलं हाय."

आबा वळले आणि रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. नाक्यावर कोरेगावची एसटी वळत होती, रिक्षा एकमेकींत घुसत होत्या, आणि कशाचाही आवाज येत नव्हता.

बाहेर आल्यावर भामाबाईंनी आबांच्या दंडाला धरून त्यांना आपल्याकडं वळवलं. "पोरीनं नाव ठेवलंय," त्या म्हणाल्या. काय ठेवलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आबांनी विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर आबा म्हणाले, "लाईन मी अडवली. तू न्हवं." भामाबाई त्यावर काहीतरी बोलल्या, पण त्यांचं तोंड रस्त्याकडं होतं. आबांना दिसलं नाही, आणि पुन्हा सांग म्हणायचं त्यांना धाडस झालं नाही.

पुढच्या रविवारी विहारात त्यांनी मेणबत्त्या लावल्या. भन्तेजींनी विचारलं, कुणाच्या नावानं? आबांनी नाव सांगितलं. जमलेल्या बायकांना वाटलं, यांच्या नात्यातली कुणी थोरली बाई गेली असेल.

घरात पुष्कळ दिवस कॉम्प्युटरवर चादर होती. आबा तिकडं बघायचे नाहीत. रविवारी संध्याकाळी फोन यायला लागला होता, पहिल्यासारखा. भामाबाई बोलायच्या आणि नंतर आबांना सगळं सांगायच्या, अगदी तिकडच्या दूधवाल्यापर्यंत. पण फोनवर पोरगी बाळाचं काही बोलत नसे आणि भामाबाई विचारत नसत. बापाला तिची मेल आली नाही, आणि बापानंही केली नाही. काय लिहिणार होते? अक्षरांची त्यांना भीती बसली होती.

गुढीपाडव्याच्या सुमारास भामाबाईंनीच ती चादर काढली. मोडा ओढून मशीनच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मी सांगते, तुमी लिवा." आबा खुर्चीत बसले. भामाबाईंना सुरुवात करायला वेळ लागला. मग त्यांनी सांगितलं की परड्यातल्या शेवग्याला शेंगा आल्यात. रंगूबाईच्या म्हशीला रेडी झालीय. तुझी निळी ओढणी पेटीत सापडली, धुवून ठेवलीय. तुझ्या येळंला मला सातव्या महिन्यात कळा आल्या हुत्या, म्हसवडच्या म्हातारीनं पोटाला तेल लावून निजवून ठेवली. तुझ्याजवळ कोण न्हवतं. मी पायजे हुते. आबांनी एका बोटानं सगळं लिहिलं, त्यातला एकही शब्द गाळला नाही. खाली आपलं म्हणून काय घालावं ते त्यांना सुचेना. शेवटी 'आबा' एवढंच लिहिलं.

उत्तर आईच्या नावानं आलं. आबांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं.

दिवाळी झाल्यावर दीक्षा महिनाभरासाठी एकटीच आली. वाळली होती, केस कापले होते. पहिले काही दिवस ती सैपाकघरातनं बाहेर पडली नाही. मायलेकी ओट्याशी एकमेकींना लागून बसायच्या. आबांना दारातून त्यांच्या पाठी दिसायच्या, बोलणं दिसायचं नाही. ते तिथं जास्त वेळ उभे राहत नसत. पेपर घेऊन बाहेर कट्ट्यावर जाऊन बसत.

एका दुपारी भामाबाई बाजारात गेल्या होत्या. दीक्षा मोडा घेऊन बाहेर आली आणि आबांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ बसली. त्यांच्या हातातला पेपर काढून तिनं खाली ठेवला. उजेड आपल्या तोंडावर पडेल असा मोडा थोडा फिरवला. आणि मग, घाई न करता, ओठांची ठेवण नीट दिसेल अशी, ती त्यांना आपल्या पोरीचं सांगू लागली. तळहाताएवढी पाठ होती. जावळ काळं होतं, कपाळावर उतरलेलं. पेटीच्या भोकातून हात घालू दिला तेव्हा तिनं बोट धरलं होतं, नर्सनं सांगितलं त्याच्यापेक्षा घट्ट.

आबा पापणी न लववता तिच्या ओठांकडं बघत होते. पण डोळ्यांत पाणी आलं की ओठ पुसट व्हायचे आणि त्यांना ऐकू येईनासं व्हायचं. तसं झालं की दीक्षा थांबायची. त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून पुन्हा तिच्याकडं बघेपर्यंत वाट बघायची, आणि मग राहिलेलं पुढं सांगायची.